शिल्लक गेली कुठे? — दादाभाई नौरोजी

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या सहामाही परीक्षेत मी एक उत्तर लिहिले होते. ज्या देशाची निर्यात आयातीपेक्षा जास्त त्याचा व्यापारतोल अनुकूल. आणि ज्याचा व्यापारतोल वर्षानुवर्षे अनुकूल राहतो तो देश संपन्न होत जातो, असे त्यात होते. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा पहिल्या वाक्याला बरोबरची खूण होती. दुसऱ्या वाक्यासमोर समासात सरांनी लाल शाईने फक्त एक नाव लिहिले होते : दादाभाई नौरोजी.

नाव ठाऊक नव्हते असे नाही. पांढरी दाढी, उंच पारशी टोपी, हिंदचे पितामह. प्राथमिक शाळेच्या भिंतीवर ही तसबीर आपण सर्वांनीच पाहिली आहे. पण माझ्या वाक्याशी या आजोबांचा काय संबंध, ते काही कळेना. म्हणून सुट्टीत ग्रंथालयातून त्यांची चरित्रे आणली, त्यांचे निबंध चाळले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. घराणे मूळचे नवसारीकडचे, पिढीजात भिक्षुकीचे. मूल चार वर्षांचे असतानाच वडील वारले. आई माणेकबाई स्वतः निरक्षर; पण मुलाला तिने हट्टाने शाळेत घातले. त्या वेळी मुंबईत शिक्षण मोफत होते म्हणून हे जमले. फी असती तर दादाभाई शिकलेच नसते, आणि याची जाणीव त्यांना जन्मभर होती. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा ते लोकांचे आपल्याकडे येणे आहे, असा हिशेब त्यांनी लहानपणीच मांडून ठेवला. चरित्रकार याला ऋणाची भावना म्हणतात. मला ती खतावणीतली एक नोंद वाटते. ती त्यांनी कधी खोडली नाही.

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे गणित इतके चमकले, की सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायदा शिकायला विलायतेस पाठवण्याचा अर्धा खर्च देऊ केला. उरलेला अर्धा पारशी समाजाने द्यायचा होता. मुलगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल या धास्तीने पुढाऱ्यांनी नकार दिला. मग दादाभाई तिथेच शिक्षक झाले आणि पुढे गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्या जागेवर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. याच काळात विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञान मंडळातर्फे १८४९ मध्ये मुंबईत मराठी आणि पारशी मुलींच्या शाळा निघाल्या. त्यांत दादाभाई होते. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढले.

त्याच एल्फिन्स्टनच्या आवारात आणखी एक गोष्ट आधीच घडून गेली होती. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर या तरुणाने इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजांच्या राज्यात देशाचा पैसा कसा बाहेर जातो ते बेधडक सांगितले होते. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. म्हणजे रोगाची चाहूल मराठी माणसांना आधी लागली होती. पण तक्रार करणे वेगळे आणि आकड्यांनी ती शाबीत करणे वेगळे. दुसरे काम गणिताच्या मास्तरांच्या वाट्याला आले.

१८५५ मध्ये प्राध्यापकी सोडून दादाभाई कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. इंग्लंडात पेढी उघडणारी ही पहिली हिंदी कंपनी. लिव्हरपूलच्या शाखेचे काम त्यांच्याकडे आले. अफू आणि दारूच्या व्यवहारात त्यांचे मन रमेना. तीन वर्षांनी ते बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढून कापसाचा व्यापार करू लागले. प्राध्यापकाने व्यापारी व्हावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. मला मात्र वाटते, की ही बिले, हुंड्या, जहाजाचे भाडे, विम्याचा हप्ता हाताखालून गेले नसते, तर त्यांना पुढचा प्रश्न सुचलाच नसता. नुसत्या पुस्तकावरून व्यापार शिकणाऱ्या आम्हा मंडळींना तो सुचला नाही, हा पुरावा समोर आहेच!

त्यातच १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे धाव घेतली. आमच्या शेजारच्या धारवाड-गदग भागातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. दादाभाईंच्या पेढीलाही त्याचा फटका बसला. कोट्यवधींचा माल देशाबाहेर गेला, त्याचे मोल कागदावर आले. देशात टिकले किती?

इथपासून दादाभाई हिशेबाला बसले. २ मे १८६७ रोजी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी निबंध वाचला. ही संस्था त्यांनीच आदल्या वर्षी उभारली होती. हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जातो आणि इंग्लंडच्या संपत्तीत भर घालतो, असा त्यांचा दावा होता. तोच धागा पुढे वाढत वाढत १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील प्रदीर्घ निबंधात आला आणि १९०१ मध्ये त्यांच्या मोठ्या ग्रंथात त्याचा समावेश झाला.

आता त्यांची मुख्य मांडणी. वाणिज्याच्या मित्रांनी वही-पेन्सिल घेऊन वाचावी.

१८३५ ते १८७२ या काळात हिंदुस्थानची निर्यात ११२ कोटी पौंड आणि आयात, सोने-चांदी धरून, ९४ कोटी ३० लाख पौंड. म्हणजे निर्यात जवळजवळ १८ कोटींनी जास्त. माझ्या सहामाहीच्या उत्तराप्रमाणे देश केवढा भाग्यवान! आता दुसरे पान उघडा. १८५८ ते १८७० या तेरा वर्षांत इंग्लंडची आयात सुमारे ३६० कोटी पौंड आणि निर्यात सुमारे २८७ कोटी. इंग्लंड दरसाल तुटीत. निर्यातीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त तूट. पुस्तकी भाषेत एकाचा व्यापारतोल अनुकूल, दुसऱ्याचा प्रतिकूल. आणि अनुकूलवाला उपाशी, प्रतिकूलवाला जगातला सर्वांत श्रीमंत!

हे कोडे दादाभाईंनी व्यापाऱ्याच्या नजरेने सोडवले. निर्यातीची किंमत आपण आपल्या बंदरातली लिहितो. आयातीची किंमत मात्र जहाजभाडे, विमा सगळे धरून होते. शिवाय कोणी व्यापारी शंभराचा माल पाठवून शंभराचाच परत घेत नाही; नफा घेतो. तेव्हा निरोगी देशाच्या वहीत आयात निर्यातीपेक्षा थोडी जास्तच दिसली पाहिजे. इंग्लंडची तशी दिसते, कारण जहाजे त्याची, विमा त्याचा, परदेशात गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज त्याचे. हिंदुस्थानच्या ११२ कोटींवर दादाभाईंनी १५ टक्के नफा धरला. बेरीज १२८ कोटी ८० लाख झाली. त्यातून आलेले ९४ कोटी ३० लाख वजा केले, तर ३४ कोटी ५० लाख पौंडांचा माल गेला तो गेलाच. त्याच्या बदल्यात काहीच आले नाही. (१५ टक्के हा आकडा त्यांनी अंदाजाने धरला आहे आणि त्यावर वाद घालता येईल. पण नफा शून्य धरला तरी १८ कोटींचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागते.)

आमच्या मामांचे बाजारात धान्याचे दुकान आहे. गिऱ्हाईक मराठी असो की कानडी, संध्याकाळी गल्ला आणि कीर्द जुळली नाही तर मामा जेवायला उठत नाहीत. कानडी नोकराला ते एकच शब्द विचारतात : लेक्का? दादाभाईंनी सरकारला जन्मभर हेच विचारले.

मग पैसा जात होता कसा? कोणी पेटाऱ्यात सोने भरून नेत नव्हते. ती तऱ्हा इतकी साधी आहे, की वाचताना मी दोनदा थांबलो. समजा, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला आपल्याकडचा कापूस हवा आहे. तो लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कचेरीकडून कौन्सिल बिल नावाची हुंडी विकत घेई आणि पौंड तिथेच भरी. हुंडी मुंबईत किंवा कलकत्त्यात आली, की सरकारी खजिन्यातून तिचे रुपये मिळत. त्या रुपयांनी कापूस खरेदी होऊन जहाजावर चढे. आता खजिन्यातले रुपये कुणाचे? शेतसाऱ्याचे, मिठावरच्या कराचे, म्हणजे रयतेचेच. कापूस पिकवला रयतेने, त्याची किंमत भरली रयतेनेच कर देऊन. पौंड मात्र लंडनमध्ये राहिले. त्यातून तिथल्या कचेरीचा खर्च, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांचे निवृत्तिवेतन, लष्कराचा खर्च, कर्जावरचे व्याज भागे. सरकारी भाषेत याला होम चार्जेस म्हणत. इथे नोकरी करणारे साहेब आपली बचत घरी पाठवत ती निराळीच.

यावर प्रतिवादही झाला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. थिओडोर मॉरिसनसारख्या अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की ही सेवेची किंमत आहे. हिंदुस्थानला शांतता, शासन आणि स्वस्त व्याजाचे भांडवल मिळते. दादाभाई सरसकट सगळ्याला लूट म्हणत नव्हते. रेल्वेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज द्यायला त्यांची ना नव्हती. अमेरिकेनेही परदेशी पैशावर रेल्वे बांधल्या. पण तिथे व्याज गेले तरी पगार, मजुरी, नफा देशातच राहिला आणि फिरला. इथे वरचे पगारही बाहेर जात. शिवाय ज्या सेवा आपण मागितल्या नाहीत आणि ज्यांची किंमत ठरवण्यात आपला हात नाही, त्यांना खरेदी म्हणावे का, हा त्यांचा खरा मुद्दा होता.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. केवळ हिंदुस्थान आणि इंग्लंड या दोघांमधलाच मालाचा व्यापार पाहिला, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपणच इंग्लंडकडून जास्त माल घेत होतो : कापड, लोखंड, यंत्रे. आपली वरकड निर्यात होती ती चीन, युरोपातील इतर देश आणि अमेरिका यांच्याकडे. अफू, ताग, कापूस, कातडी. त्या देशांकडून येणारी आपली रक्कम लंडनमार्गे फिरून इंग्लंडचीच अमेरिका-युरोपकडची देणी भागवायला उपयोगी पडे. नंतरच्या इतिहासकारांनी हे तपशिलाने दाखवले आहे. तेव्हा दोन देशांची तुलना करताना त्यांच्या आपसातल्या आकड्यांवर थांबले तर फसगत होते. प्रत्येकाचा साऱ्या जगाशी असलेला हिशेब मांडावा लागतो. दादाभाईंनी तो मांडला होता.

त्यांचा दुसरा प्रसिद्ध आकडा दरडोई उत्पन्नाचा. १८६७-६८ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानचे एकूण उत्पन्न ३४ कोटी पौंड, लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे माणशी दोन पौंड, त्या वेळच्या भावाने वीस रुपये साल. हे काढण्यासाठी त्यांनी प्रांतवार पिके, एकर आणि भाव गोळा केले. ते करताना सरकारी अहवालांतली एक चूक त्यांनी पकडली. जिल्ह्याजिल्ह्याचे भाव नुसते बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले होते; कुठे पीक किती आले याचा विचारच नाही. साधी सरासरी आणि भारित सरासरी यांतला फरक आम्हाला संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. राज्य चालवणाऱ्या साहेबांना तो एका पारशी व्यापाऱ्याने दाखवला! तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार माणशी जो खर्च करते तोही या वीस रुपयांहून जास्त आहे, हे त्यांनी सरकारच्याच अहवालांतून काढून दाखवले. सरकारने खूप हुज्जत घातली. इंडिया ऑफिसमधल्या डॅनव्हर्स यांच्याशी १८८० मध्ये पंजाबच्या उत्पन्नावरून लांबलचक वाद झाला. १८८२ मध्ये सरकारच्या स्वतःच्या हिशेबाने आकडा आला तो सत्तावीस रुपये.

मधल्या काळात दादाभाई आपल्या वाचकांपैकी काहींच्या आजोळी, बडोद्यालाही होते. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांनी त्यांना दिवाण नेमले. दरबारचा कारभार बिघडलेला, रेसिडेंट कर्नल फेअर विरोधात. जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नंतर मुंबई महापालिकेत त्यांनी काम केले. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली तेव्हा ते संस्थापकांत होते. पुढे १८८६, १८९३ आणि १९०६ असे तीनदा ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पार्लमेंटात जायचे त्यांनी मनात घेतले ते याच हिशेबासाठी. १८८६ मध्ये पडले. लॉर्ड सॉल्सबरी यांनी १८८८ मध्ये त्यांच्या रंगावरून कुत्सित उल्लेख केला आणि उलट दादाभाईंचेच नाव इंग्लंडभर झाले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अवघ्या पाच मतांनी निवडून आले. १८९३ मध्ये सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही व्हाव्यात असा ठराव कॉमन्स सभेत मंजूर झाला. नोकऱ्यांची मागणी म्हणून कोणी याला हिणवले. पण पगार देशात राहावा हा व्यापारतोलाचाच प्रश्न होता. सरकारने ठराव अंमलात आणला नाही. हिंदुस्थानात परीक्षा व्हायला १९२२ साल उजाडले. त्याच १८९३ मध्ये दादाभाईंचा एकुलता एक मुलगा, डॉक्टर अर्देशिर, वारला. दादाभाई त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते. काम थांबले नाही.

१८९५ मध्ये निवडणुकीत पराभव झाला. पण हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमले गेले आणि दादाभाई त्यावर सभासद झाले. स्वतः सभासद असून ते साक्षीदार म्हणूनही पुढे बसले. १८९७ मध्ये पुण्याहून गोखले साक्षीला आले. १९०० मध्ये अहवाल निघाला तेव्हा दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी आपले वेगळे मत नोंदवले.

खरे सांगायचे तर चरित्राचा हा भाग वाचताना मला दादाभाईंचा थोडा रागही येतो. चाळीस वर्षे माणूस तेच आकडे, तेच तक्ते घेऊन त्याच दारात उभा राहतो आणि आतला सज्जन आहे, त्याला हिशेब नीट दाखवला की तो पैसे परत देईल, असे मानतो. रानड्यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत वेगळाच सूर लावला होता. या खंडणीच्या प्रश्नात फार गुंतू नये, त्यातला काही भाग आपल्याला मिळालेल्या भांडवलाचे व्याज आहे, आपण कारखाने उभारावेत, असा त्यांचा रोख होता. कारखान्यांबद्दल रानडे बरोबर होते असे मला वाटते. पण कारखान्यांसाठी लागणारे भांडवलच ज्या वाटेने बाहेर जात होते, ती वाट दादाभाई दाखवत होते.

त्यांचा स्वतःचा विश्वासही हळूहळू ढळत गेला. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत ते हिंदुस्थानची कैफियत घेऊन गेले. १९०६ मध्ये कलकत्त्याला अध्यक्ष म्हणून आले तेव्हा वय एक्याऐंशी, आवाज पार गेलेला. भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. त्यात काँग्रेसचे ध्येय म्हणून स्वराज्याचा उच्चार झाला. चाळीस वर्षांच्या हिशेबाचे उत्तर एका शब्दात आले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटे झाले. मालाच्या व्यापारात आपला देश जवळजवळ दरवर्षी तुटीत राहिला; निर्यात वरचढ ठरली ती फक्त १९७२-७३ आणि १९७६-७७ या दोन वर्षी. ही तूट चांगली की वाईट, ते ती कशासाठी झाली आणि कशातून भागली यावर ठरते. यंत्रे, तेल आणि खते घेऊन झालेली तूट निराळी.

१९०७ मध्ये दादाभाई इंग्लंड सोडून कायमचे परतले आणि मुंबईजवळ वर्सोव्याला समुद्रकाठी राहिले. नाती जवळ होत्या. त्यांतल्या काही पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. देशभरातून पत्रे येत आणि जमेल तितक्यांना ते उत्तर पाठवीत. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वार्षिक परीक्षेत व्यापारतोलावर पुन्हा प्रश्न आला. या वेळी दुसरे वाक्य मी लिहिले नाही. त्या जागी ११२ आणि ९४.३ हे दोन आकडे लिहिले आणि खाली रेघ मारून वजाबाकी केली.